चहूकडचे ऐकणारा मायक्रोफोन

वलगावात व्याख्यान द्यायचे आणि विषय स्टुडिओतल्या जुन्या मायक्रोफोनचा, हे कोणाला विजोड वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. याच गावाजवळ, पेढी नदीच्या पुलावर, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्याआधी जेमतेम दीड महिना, 8 नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याला त्यांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित झाले. म्हणूनच ती वऱ्हाडी बोली आजही जशीच्या तशी कानी पडते. आवाज टिकवण्याची ही विद्या आली कशी, आणि ती नेमका कोणाचा आवाज टिकवते, एवढेच आज पाहायचे आहे.

1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यापाशी तोंड नेऊन मोठ्याने गायचे. त्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ ओढी. हळू आवाजाला तेथे वाली नव्हता. 1916 साली अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर मायक्रोफोन सिद्ध केला. ताणून बसवलेला धातूचा पातळ पडदा, त्यामागे केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर एक चकती, आणि दोहोंमध्ये विजेचा भार. आवाजाने पडदा हलला की अंतर बदलते, तसा विजेचा दाबही बदलतो. हा बदल इतका क्षीण, की तो वाढवणारा व्हॉल्व्ह पडद्याच्या लगतच बसवावा लागला. 1925 साली विजेवरच्या मुद्रणाच्या तबकड्या बाजारात आल्या, त्या याच उपकरणाच्या बळावर. पुढे 1928 साली बर्लिनच्या गेऑर्ग न्यूमन यांनी तो कारखान्यात घडवून विकायला काढला. आकारावरून लोक त्याला ‘न्यूमनची बाटली’ म्हणत. हुकूमशहाच्या भाषणांपुढेही तीच बाटली उभी होती. यंत्राला त्याची लाज नसते.

आता सर्वदिश म्हणजे काय? पडद्याची मागची बाजू बंद ठेवली, म्हणजे पडद्याला फक्त हवेचा दाब कळतो. आणि दाबाला दिशा नसते. सायकलच्या ट्यूबमधली हवा चहूकडे सारखीच रेटते ना, तसे. मागची बाजू उघडली, की लाट पुढून आणि मागून अशी दोहोंकडून पडद्यावर येते. तेथून दिशेचा भेद सुरू होतो. 1951 च्या सुमारास न्यूमनने काढलेला एम 50 हा सर्वदिश जातीतला नामांकित. डेक्का कंपनीचे लोक असे तीन मायक्रोफोन वाद्यवृंदाच्या निर्देशकाच्या डोक्यावर टांगत आणि साऱ्या ताफ्याचा आवाज दालनाच्या घुमाऱ्यासकट टिपत. अगदी तंतोतंत बोलायचे, तर उंच स्वरांना त्याची पुढची बाजू थोडी झुकते माप देते.

आमची उभी हयात गेटसभांत गेली. तेथे हा मायक्रोफोन कधी दिसायचा नाही. कारण उघड आहे. सगळीकडचे ऐकणारा, म्हणून भोंग्यातून परत येणारा आवाजही तो गिळतो, आणि सभेत किंकाळी फुटते. म्हणून व्यासपीठावर एकाच दिशेने ऐकणारा माईक ठेवतात. त्यात वक्ता स्पष्ट येतो आणि समोरचे हजार लोक पुसट होतात. गंमत पाहा, सर्वांना सारखे मोजणारे यंत्र बंद खोलीत, आणि लोक जेथे आहेत तेथे मात्र एकाचेच ऐकणारे!

गाडगेबाबांच्या कीर्तनाला हे चालायचे नाही. बाबा विचारीत आणि जमाव उत्तर देई. ते उत्तर गाळले तर निम्मे कीर्तन गेले. संपाच्या सभेचेही तसेच. पुढाऱ्याचे भाषण छापूनही मिळते. मागच्या रांगेतून आलेला होकार किंवा नकार कोठे छापलेला नसतो. आपल्या भागातली कीर्तने, दंडार, सभा मुद्रित करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे: वक्त्यापुढचा माईक असू द्या, पण एक सर्वदिश माईक लोकांच्या डोक्यावर, भोंग्यापासून लांब, टांगा. त्याची वायर थेट मुद्रणयंत्राकडे न्या, भोंग्याकडे नको. आणि पावसाळ्यात त्याला जपा. पडद्याशी ओल बसली की तो करकरू लागतो. डब्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवून द्याव्यात.