जुनी डिझेल हॅचबॅक : खरेदीपूर्वीची पारख आणि खरेदीनंतरची निगा

छोट्या डिझेल मोटारीचे भारतातील युग साधारण दोन दशकांचे ठरले. टाटा मोटर्सची पुण्यात घडलेली इंडिका १९९८ च्या अखेरीस लोकांसमोर आली आणि डिझेल हे केवळ ट्रक, बस व जीपचे इंधन नव्हे, हे मध्यमवर्गाला प्रथमच पटले. २००७ मध्ये मारुतीने स्विफ्टमध्ये डिझेल इंजिन आणले. पुढे जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हाती राहिले. त्या चार वर्षांत दोन्ही इंधनांच्या दरांतील अंतर काही काळ लिटरमागे २५ रुपयांच्याही पुढे गेले आणि घरोघरी डिझेल गाड्या उभ्या राहिल्या. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा हे उत्सर्जनाचे निकष लागू होताच मारुतीने डिझेल इंजिने बंद केली. इतरांनीही एकेक करून तोच मार्ग धरला. नव्या डिझेल हॅचबॅकमध्ये टाटा अल्ट्रोझ तेवढी मागे उरली.

याचा परिणाम असा, की ज्याला आज छोटी डिझेल गाडी हवी आहे त्याच्यापुढे मुख्यतः जुन्या गाड्यांचाच बाजार आहे. गोव्यात, सीमेपलीकडील बेळगावात आणि सिंधुदुर्गात या गाड्या आजही मुबलक दिसतात. त्यांतली चांगली गाडी दहा वर्षे इमानाने चालते. वाईट गाडी मात्र पहिल्याच पावसाळ्यात घराचा हिशेब बिघडवते.

डिझेल कोणाला परवडते?

डिझेलचा मोह मायलेजमुळे होतो. म्हणून हिशेब आधी कागदावर मांडावा. उदाहरणादाखल डिझेल ९० रुपये व पेट्रोल ९८ रुपये लिटर धरू. डिझेल गाडी लिटरला २० किलोमीटर आणि तेवढीच पेट्रोल गाडी १६ किलोमीटर जाते असे मानू. डिझेलचा खर्च किलोमीटरला साडेचार रुपये, पेट्रोलचा सहा रुपये बारा पैसे. फरक सुमारे एक रुपया बासष्ट पैशांचा. महिन्याला ४०० किलोमीटर फिरणाऱ्याची बचत साडेसहाशे रुपये, म्हणजे वर्षाला ७,८०० रुपये. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्याची बचत वर्षाला २९,००० रुपयांच्या वर जाते.

आता दुसरी बाजू पाहावी. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप, टर्बो हे भाग महाग आहेत. चारही इंजेक्टर एकदम बदलावे लागले, तर पहिल्या कुटुंबाची कित्येक वर्षांची बचत एका बिलात जाते. त्यामुळे पणजीतल्या पणजीत कचेरी आणि बाजार एवढाच वापर असेल, तर पेट्रोल गाडीच शहाणपणाची. काणकोणहून रोज मडगाव किंवा वाळपईहून रोज पणजी गाठणाऱ्याने मात्र डिझेलचा विचार अवश्य करावा.

कोणते इंजिन, कोणती गाडी?

जुन्या बाजारात सर्वाधिक भेटते ते फियाटच्या रचनेचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन. मारुतीची स्विफ्ट, रिट्झ व डिझेल बलेनो, टाटाची इंडिका व्हिस्टा व बोल्ट, तसेच खुद्द फियाटची पुंटो या साऱ्यांच्या पोटात ते होते. सुटे भाग जागोजागी मिळतात आणि गावच्या मिस्त्रीलाही त्याची नस ठाऊक असते, हा त्याचा मोठा गुण. यात टायमिंगसाठी पट्टा नसून साखळी असते. तेल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती सैल होऊन खुळखुळू लागते.

ह्युंदाईच्या आय ट्वेंटीतील १.४ लिटरचे इंजिन ताकदीला सरस. फोक्सवॅगन पोलो चाकणला घडली. तिच्यात आधी तीन सिलिंडरचे १.२ आणि नंतर चार सिलिंडरचे १.५ लिटरचे इंजिन आले. ती रस्त्यावर भक्कम असली तरी तिच्या दुरुस्तीचा खर्च जरा चढा. होंडा जॅझ, फोर्ड फिगो, टोयोटा लिव्हा याही विचारात घेण्याजोग्या. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. म्हणून अशी गाडी घेताना सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री जवळपास आहे का, हे आधी विचारावे.

२०२० नंतरच्या गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ असते. साठलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान बरेच वाढावे लागते आणि त्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग धावावी लागते. केवळ शहरात फिरणाऱ्या गाडीत ही गाळणी तुंबते.

पाहणी : थंड इंजिनापासून सुरुवात

गाडी पाहायला सकाळी जावे आणि ‘आधी चालू करून ठेवू नका’ असे विक्रेत्याला सांगून ठेवावे. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला तर काहीतरी लपवले जात असल्याची शंका घ्यावी, कारण डिझेल इंजिनाचे दुखणे थंड असतानाच बोलते. चावी फिरवल्यावर इंजिन लवकर सुरू व्हावे आणि काही क्षणांत स्थिरावावे.

धूर पाहावा. जोरात दाबताच क्षणभर काळसर झाक दिसणे जुन्या गाडीत क्षम्य. सतत काळा धूर येत असेल तर इंजेक्टर, ईजीआर झडप किंवा हवेचा मार्ग बिघडलेला असतो. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो. ते टर्बोतून किंवा पिस्टनच्या रिंगांतून येते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरणारे कूलंट असा संशय घ्यावा. इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. भसाभस वाफारा येत असेल तर इंजिन आतून झिजले आहे. कूलंटच्या टाकीचे झाकण मात्र तापलेल्या इंजिनावर कधीही उघडू नये. अंग भाजते.

चालवून पाहताना चढाचा रस्ता निवडावा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नसेल, तर क्लच संपला आहे. दोन हजार फेऱ्यांच्या आसपास टर्बोचा जोर स्पष्ट जाणवला पाहिजे. तेथे शिट्टी किंवा घरघर ऐकू आली, तर किंमत ठरवण्याआधी जाणकाराला दाखवावे. डिझेल इंजिन वजनदार असल्याने पुढचे शॉकॲब्सॉर्बर, बुश आणि इंजिन माउंटिंग लवकर झिजतात. खडबडीत रस्त्यावर काच खाली करून ऐकावे.

मीटरवरील आकड्यावर विसंबू नये. स्टिअरिंगची झिजलेली कातडी, गुळगुळीत झालेले पेडल, बसलेली चालकाची सीट हे साक्षीदार अधिक खरे. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी मिळाल्या तर मीटरचा खरेखोटेपणा लगेच उघड होतो.

समुद्र, पाऊस आणि लाल धूळ

किनाऱ्यालगतच्या गाडीला खारी हवा आतून खाते. दरवाजांच्या खालच्या कडा, डिकीतील स्टेपनीखालचा खड्डा आणि गाडीचा तळ हे गंज शोधण्याचे मुख्य ठिकाण. गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय सौदा करू नये. पुरात सापडलेली गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ आहे का ते पाहावे, चटई उचलून वास घ्यावा. पाण्यात बुडालेल्या गाडीचे विजेचे दुखणे वर्षभरानेही डोके वर काढते. खाणपट्ट्यात वापरलेल्या गाडीचा एअर फिल्टर उघडून पाहावा. तिथे लाल धुळीचा थर असेल, तर तीच धूळ टर्बोपर्यंत पोहोचली असण्याचा संभव असतो.

गोव्यात आणखी एक खबरदारी आवश्यक. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या रेंट-अ-कॅब गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पुढे त्या खासगी नोंदणीत बदलून पांढऱ्या पाटीसह विकल्या जातात. शेकडो अनोळखी हातांनी हाकलेल्या गाडीचा क्लच आणि गिअरबॉक्स कसा असेल, हे सांगायला नको. नोंदणीचा पूर्वेतिहास विचारावाच.

कागदपत्रे : खरी जोखीम येथे आहे

इंजिन बिघडले तर पैसे जातात, कागद अपुरे राहिले तर त्याहून मोठे संकट येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात स्पष्ट केले, की गाडी कितीही हातांतून गेलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्यावर येते. ‘नाव नंतर करू’ हे वाक्य म्हणूनच विकणाऱ्याला सर्वाधिक घातक आहे.

मोटार वाहन कायद्यानुसार त्याच राज्यातील विक्री असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत वाहतूक खात्याला कळवावे लागते. त्यासाठी नमुना २९ व ३० भरतात. कर्ज फिटलेले असल्यास बँकेचे पत्र व नमुना ३५ घेऊन नोंदणीवरील बोजा उतरवावा. चासी क्रमांक व इंजिन क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी कागदाशी ताडून पाहावेत. थकलेली चलने, विम्याची मुदत आणि पीयूसी पैसे देण्याआधीच तपासावे.

विमाही आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. तिऱ्हाइताच्या हानीचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. ती नव्या मालकाकडे येत नाही.

परराज्यातील गाडी स्वस्त दिसते, पण तिच्यासाठी नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथे पुन्हा नोंदणी व कर भरावा लागतो. गोव्याची गाडी बेळगावला नेणाऱ्याने कर्नाटकचा आजीवन कर आधीच किमतीत धरावा. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तेथील गाड्या मोठ्या संख्येने इतर राज्यांत उतरू लागल्या. त्या घेताना वयाचा हिशेब विसरू नये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर योग्यता तपासणी होऊन ती पाच वर्षांनी वाढते, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे.

हाकण्याची रीत

पेट्रोलवरून डिझेलवर येणाऱ्याला पहिले काही दिवस गाडी सुस्त वाटते. टर्बो जागा होईपर्यंत जोर येत नाही, आणि मग तो एकदम येतो. चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात वळणावर वेग पडला, की वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवू नये. वेळीच खालचा गिअर टाकावा. उतारावर चढताना वापरला असता तोच गिअर ठेवावा, इंजिनच गाडी आवरते. न्यूट्रलमध्ये घसरत येण्याने डिझेल वाचत नाही, ब्रेक मात्र तापून निकामी होतात. समोरच्या वाहनाला मागे टाकण्यापूर्वी गाडी टर्बोच्या पट्ट्यात आहे याची खात्री करावी. धुक्यात ही खात्री जिवाशी निगडित असते.

सकाळी गाडी सुरू करताच जोरात रेटू नये, तेल वर पोहोचू द्यावे. घाट चढून थांबल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन मंद चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहते.

निगा

गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन तेल, तेलाचा, हवेचा आणि डिझेलचा फिल्टर बदलावा. पट्ट्याचे इंजिन असेल आणि पट्टा बदलल्याची नोंद नसेल, तर तोही बदलावा. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. डिझेलच्या फिल्टरमध्ये साठलेले पाणी पावसाळ्यात आठवणीने काढून टाकावे. पाण्याचे चार थेंब पंप गंजवतात. टाकी रिकामी होईतो गाडी चालवू नये आणि इंधन विश्वासाच्या पंपावरच भरावे.

चुकून पेट्रोल भरले गेले तर चावीला हातही लावू नये. डिझेल हेच पंपाचे वंगण असते, पेट्रोल ते धुऊन टाकते. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी उपसून घ्यावी. तेवढ्या श्रमात इंजेक्टर वाचतात.

गाडीच्या किमतीपलीकडे पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी काही रक्कम वेगळी काढूनच सौद्याला बसावे. ती बाजूला ठेवणे शक्य नसेल, तर थोडी कमी किमतीची, पण नोंदी पूर्ण असलेली आणि एकाच मालकाने वापरलेली गाडी शोधावी. झगमगत्या पॉलिशपेक्षा सेवा केंद्राच्या बिलांची जाड फाईल अधिक मोलाची असते.