पिकअपला मोठे टायर : क्राउन-पिनियन बदलावे की नाही?

हैदराबादच्या वेशीवर कोणत्याही दिशेला गेले, तरी पिकअप गाड्यांचे दोन प्रकार नजरेस पडतात. एक बोवेनपल्लीच्या बाजारात पहाटे भाजीपाला उतरवणारा. दुसरा शनिवार-रविवारी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगराकडे निघालेला, चारही चाकांना ताकद देणारा. पहिल्याचा मालक अधिक वजन पेलण्यासाठी आणि दुसऱ्याचा मालक खडकाळ वाटेवर पोट घासू नये म्हणून मोठे टायर बसवण्याचा विचार करतो. गोव्यातही आता हिलक्स आणि व्ही-क्रॉससारख्या गाड्या दिसू लागल्या आहेत, आणि तोच प्रश्न येथील मालकांपुढेही येतो. टायर बदलणे हे तासाभराचे काम असले, तरी त्याचे परिणाम इंजिनपासून ब्रेकपर्यंत आणि वेगदर्शकापासून विमा पॉलिसीपर्यंत पोहोचतात. म्हणून खर्च करण्यापूर्वी हिशेब समजून घेणे हिताचे ठरते.

टायरवरील आकडे कसे वाचावेत

टायरच्या बाजूवर 255/65 R17 असे लिहिलेले असते. यातील 255 ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये असते. 65 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के. R हे अक्षर रेडियल बांधणी दर्शवते आणि 17 हा रिमचा व्यास इंचांत असतो. बाजूची उंची दोनदा मोजून त्यात रिमचा व्यास मिळवला की टायरचा पूर्ण व्यास निघतो.

इसुझूची व्ही-क्रॉस 2016 मध्ये भारतात आली, तेव्हा तिला हेच 255/65 R17 टायर होते. त्यांचा व्यास सुमारे 763 मिलिमीटर, म्हणजे साधारण 30 इंच भरतो. त्याच रिमवर 265/70 R17 बसवले तर व्यास 803 मिलिमीटर होतो, म्हणजे 5.2 टक्के वाढ. 285/70 R17 बसवले तर 831 मिलिमीटर, म्हणजे 8.8 टक्के वाढ. पुढचा सारा हिशेब या टक्केवारीवरच उभा राहतो. एका गोष्टीचा मात्र अनेकांना विसर पडतो. गाडीची जमिनीपासूनची उंची व्यासाच्या वाढीच्या निम्मीच वाढते. 285/70 R17 सारखा भारदस्त टायर घालूनही उंचीत भर पडते ती अवघी 34 मिलिमीटर.

गिअर का बदलल्यासारखे वाटतात

इंजिनचे फेरे गिअरबॉक्समधून आणि पुढे मागच्या एक्सलमधील क्राउन-पिनियनमधून चाकापर्यंत येतात. क्राउनला 41 आणि पिनियनला 10 दाते असतील, तर गुणोत्तर 4.10 होते. म्हणजे पिनियन 4.10 वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते. त्यामुळे गुणोत्तर न बदलताही ते बदलल्यासारखा परिणाम होतो. 8.8 टक्के मोठ्या टायरमुळे 4.10 चे गुणोत्तर व्यवहारात 3.77 इतकेच काम करते.

हे उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. हिशेबापुरते अंतिम गुणोत्तर 4.10 आणि वरच्या गिअरचे गुणोत्तर 0.75 धरू. 763 मिलिमीटर व्यासाचा टायर एका किलोमीटरमध्ये 417 फेरे घेतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाताना इंजिन मिनिटाला सुमारे 1710 फेरे घेईल. 831 मिलिमीटरचा टायर एका किलोमीटरमध्ये 383 फेरेच घेतो, त्यामुळे त्याच वेगाला इंजिन सुमारे 1570 फेऱ्यांवर येते. वजनाखाली टायर थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे किंचित वेगळे येतील. प्रमाण मात्र तेच राहील.

140 फेऱ्यांचा फरक किरकोळ वाटेल, पण डिझेल इंजिनमध्ये तो निर्णायक ठरू शकतो. व्ही-क्रॉसचे सुरुवातीचे 2.5 लिटर इंजिन आपला 320 न्यूटन मीटरचा कमाल टॉर्क 1800 ते 2800 फेऱ्यांच्या दरम्यान देते. त्याखाली टर्बोचा जोर मंदावतो. भरलेली गाडी चढणीवर आली की चालकाला एक गिअर खाली घ्यावा लागतो. तसे न करता वरच्याच गिअरमध्ये रेटत राहिल्यास इंजिन कण्हते, धूर वाढतो, क्लच लवकर झिजतो आणि बीएस 6 गाड्यांत धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचण्याची शक्यता वाढते.

क्राउन-पिनियन बदलण्याचा हिशेब

सूत्र सोपे आहे. जुन्या गुणोत्तराला नव्या व्यासाने गुणावे आणि जुन्या व्यासाने भागावे. आपल्या उदाहरणात 4.10 गुणिले 831 भागिले 763, म्हणजे साधारण 4.46. नेमके हेच गुणोत्तर मिळेल असे नाही. दात्यांची संख्या पूर्णांकातच असते. 43 आणि 10 दात्यांची जोडी 4.30 देते, 41 आणि 9 ची जोडी 4.56 देते. 4.56 घेतल्यास ताशी 80 ला इंजिन सुमारे 1750 फेऱ्यांवर येते, म्हणजे मूळ स्थितीपेक्षा किंचित वर. वजन वाहणाऱ्या किंवा घाटात चालणाऱ्या गाडीला हे पसंत पडेल. 4.30 घेतल्यास फेरे 1650 च्या आसपास राहतात, आणि महामार्गावर बहुतांश रिकामी धावणाऱ्या गाडीला ते पुरेसे ठरू शकते.

मात्र तीन अटी कायम ध्यानात ठेवाव्यात. पहिली, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलचे गुणोत्तर एकच असायला हवे. एकाच एक्सलचे बदलून गाडी फोर-व्हील ड्राइव्हमध्ये कोरड्या रस्त्यावर चालवली, तर ट्रान्सफर केसपर्यंतचे सारे भाग एकमेकांशी झगडतात आणि काहीतरी तुटते. दुसरी, आपल्या गाडीसाठी ती जोडी भारतात उपलब्ध आहे का, हे टायर घेण्यापूर्वीच तपासावे. काही वेळा त्याच कंपनीच्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळे गुणोत्तर असते. अन्यथा आयात करावी लागते. तिसरी, क्राउन-पिनियन बसवणे हे सराईत कारागिराचेच काम आहे. दात्यांमधील मोकळीक आणि दाते एकमेकांवर नेमके कोठे टेकतात, हे रंग लावून तपासावे लागते. ते चुकले तर डिफरन्शियल गुणगुणू लागते आणि काही हजार किलोमीटरमध्ये निकामी होते. हैदराबादमध्ये सिकंदराबादच्या राणीगंजमधील सुट्या भागांची बाजारपेठ आणि विजयवाडा मार्गावरील ऑटोनगर येथे अशा कामाचा अनुभव असलेले हात मिळतात. नवी जोडी बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी हलक्या वजनाने, सावकाश चालवावी आणि त्यानंतर डिफरन्शियलचे तेल बदलावे.

कधी बदलावे, कधी नाही

कारागिरांच्या अनुभवातून आलेला ठोकताळा असा आहे.

व्यासात 3 टक्क्यांपर्यंत वाढ असेल, तर गिअरला हात लावण्याचे कारण नाही. झिजलेल्या आणि नव्या टायरमध्येही जवळपास तेवढा फरक असतोच.

3 ते 6 टक्के वाढ असेल आणि गाडी रिकामी किंवा हलक्या वजनाने चालत असेल, तर मूळ गुणोत्तर चालते. चालकाने गिअर खाली घेण्याची सवय लावावी आणि वेगदर्शक दुरुस्त करून घ्यावा.

6 ते 10 टक्क्यांच्या टप्प्यात निर्णय वापरावर अवलंबून असतो. नियमित वजन, घाट, ट्रेलर ओढणे किंवा खडकाळ वाटांवर अतिशय सावकाश चालणे यांपैकी काहीही असेल, तर बदल विचारात घ्यावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा गिअर बदलत घुटमळू लागला, तर तोही स्पष्ट इशारा समजावा.

10 टक्क्यांहून अधिक वाढ करायची असेल, तर क्राउन-पिनियनचा खर्च टायरच्या खर्चातच धरावा. ती तयारी नसेल तर लहान टायर निवडणे शहाणपणाचे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आधी टायर बसवून काही आठवडे नेहमीच्या मार्गावर, नेहमीच्या वजनाने गाडी चालवून पाहणे. पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये पार होणारी चढण आता दुसऱ्यात घ्यावी लागते का, यावरून उत्तर मिळते.

वेगदर्शक आणि ब्रेक

8.8 टक्के मोठ्या टायरवर वेगदर्शक 100 दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी जवळपास 109 किलोमीटर धावत असते. कारखान्यातून निघालेला वेगदर्शक थोडा जास्त वेग दाखवतो, त्यामुळे यातील काही भाग झाकला जातो, पण सगळा नव्हे. हैदराबादच्या 158 किलोमीटर लांबीच्या बाह्य वळण रस्त्यावर कॅमेऱ्यांची नजर असते. तेथे ही चूक दंडाच्या पावतीने कळते. अंतरमापकही कमी किलोमीटर नोंदवतो. 10,000 किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी सुमारे 10,900 किलोमीटर धावलेली असते. त्यामुळे मायलेज कागदावर प्रत्यक्षाहून अधिक घटलेले दिसते आणि तेल बदलण्याची वेळही चुकते. मोबाइलवरील जीपीएसशी ताडून पाहणे हा सोपा उपाय आहे.

ब्रेकचा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे. टायरची त्रिज्या वाढली की तोच ब्रेक जमिनीवर कमी जोर लावू शकतो. शिवाय टायर जड असल्याने थांबवायचे वजन वाढते. इंजिनच्या साहाय्याने वेग रोखण्याची क्षमताही त्याच टक्केवारीने घटते. हैदराबादहून श्रीशैलमकडे जाताना नल्लमलाच्या जंगलातील उतारावर, किंवा आपल्याकडे अनमोड आणि चोर्ला घाटांत भरलेली पिकअप उतरवताना, ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका येथेच असतो. क्राउन-पिनियन बदलल्यास इंजिनचा रोध परत मिळतो. गिअर बदलण्याचे हे सुरक्षिततेचे कारण ओढीइतकेच महत्त्वाचे आहे.

टायर निवडताना

नव्या टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. भारांक 110 म्हणजे प्रत्येक टायरला 1060 किलो, 112 म्हणजे 1120 किलो, 116 म्हणजे 1250 किलो. वेगाच्या अक्षरांत Q म्हणजे ताशी 160, S म्हणजे 180 आणि T म्हणजे 190 किलोमीटर. टायर मोठा झाला म्हणून गाडीची अधिकृत वहनक्षमता वाढत नाही. ती चॅसिस, एक्सल आणि ब्रेक ठरवतात. पुढची चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि एका चाकाखाली दगड ठेवून टायर मडगार्डला घासतो का, ते पाहावे. स्टेपनीही त्याच आकाराची घ्यावी. टायर कोठे तयार झाला यापेक्षा हे आकडे महत्त्वाचे आहेत. एमआरएफचा कारखाना आपल्या फोंडा तालुक्यातील उसगावात आहे, तसा हैदराबादजवळ सदाशिवपेठेतही आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. मालवाहू वाहनाच्या नोंदणीत टायरचा आकारही नोंदवलेला असतो आणि त्या गाडीला ठरावीक मुदतीने तंदुरुस्तीच्या तपासणीला जावे लागते. म्हणून व्यावसायिक पिकअपच्या मालकाने उत्पादकाने त्याच मॉडेलच्या कोणत्याही आवृत्तीत दिलेल्या आकारांपलीकडे जाण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर दावा नाकारला गेला, तर टायरवर वाचवलेले किंवा खर्चलेले पैसे त्यापुढे नगण्य ठरतात.

थोडक्यात, टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी तीन आकडे कागदावर मांडावेत : जुना व्यास, नवा व्यास आणि गाडीचे अंतिम गुणोत्तर. वाढ 6 टक्क्यांच्या आत राहिली, तर बहुतेकांचे काम टायरवरच भागते. त्यापुढे जायचे असेल, तर टायर, क्राउन-पिनियन, वेगदर्शक आणि परवानगी हा एकच खर्च समजून निर्णय घ्यावा.