भेंडी बाजार: पागडी, टेकू आणि पुनर्विकास

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या उत्तरेला असलेल्या भेंडी बाजाराच्या नावाची व्युत्पत्ती ‘बाजाराच्या मागे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांशी जोडली जाते, तशीच ती भेंडीच्या झाडांशीही जोडली जाते. पहिली गमतीची असली तरी दुसरी अधिक पटण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या बंधूंची गायकी याच वस्तीच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि नजीर खाँ यांच्या शिष्या, गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर यांनी तिला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे मात्र या वस्तीचे नाव गाण्यापेक्षा मोडकळीस आलेल्या चाळींसाठीच अधिक घेतले जाऊ लागले.

ही पडझड केवळ काळाने केली असे म्हणणे अपुरे ठरेल. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले, त्यामुळे भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघेना. दुसरीकडे ‘पागडी’, म्हणजे जागेचा ताबा मिळवण्यासाठी भाड्याव्यतिरिक्त द्यायची एकरकमी रक्कम, कायद्याने निषिद्ध असूनही सर्रास चालत राहिली आणि १९९९ च्या कायद्याने तिला अखेर मान्यता दिली. या व्यवहारात घरमालकाकडे मालकी उरली पण उत्पन्न उरले नाही, भाडेकरूकडे ताबा आला पण मालकी आली नाही, आणि सागवानी जिन्याची पायरी निखळली तर ती बसवायची कोणी, याचे उत्तर दोघांनीही एकमेकांवर ढकलले. मग हाताला आधार म्हणून जिन्यात दोर लोंबू लागला आणि सज्जाखाली लाकडी टेकू लागले, जे तात्पुरते म्हणून लावले जात आणि वर्षानुवर्षे तसेच राहत.

१९६९ मध्ये शासनाने दुरुस्ती मंडळ स्थापून अशा इमारतींवर उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा खास कर, बसवला. शहर बेटावरच्या १९,६४२ इमारती त्याखाली आल्या, पण एवढा पसारा ठिगळे लावून सावरणे शक्य नव्हते. ऑगस्ट २०१७ च्या अखेरच्या दिवशी याच भागातील एक इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली.

तोवर समूह पुनर्विकासाची, म्हणजे एकेक इमारत न पाडता सगळा परिसर एकत्र घेऊन नव्याने बांधण्याची, तरतूद २००९ मध्ये विस्तारली होती. त्याच वर्षी दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने साडेसोळा एकरांतील सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचा प्रकल्प हाती घेतला, ज्यात रहिवाशांना विनामूल्य मालकीची घरे मिळायची आणि खर्चाचा भार विक्रीसाठीच्या मनोऱ्यांनी उचलायचा. जुन्या भिंती जपणे हा यात हेतू नव्हता, त्यामुळे याला जीर्णोद्धार म्हणणे कठीण आहे. मालकी आणि ताबा यांची फारकत मात्र त्याने मिटवली, आणि पायरी निखळली तर ती बसवण्याचे काम आता घरात राहणाऱ्यांकडेच आले.