रॅकूनवर धनुष्यबाण का रोखतात? अमेरिकेतल्या या शिकारीमागचं गणित काय आहे?

रील्स बघताना हा प्राणी तुम्हाला नक्की दिसला असेल. डोळ्यांभोवती काळा पट्टा, शेपटीवर गोल कडी आणि माणसासारखे पुढचे दोन हात. कधी तो कुणाच्या हातातून द्राक्षं खातो, तर कधी कचऱ्याच्या डब्यात उलटा लटकलेला असतो. याचं नाव रॅकून. इंटरनेटवर त्याला 'ट्रॅश पांडा' म्हणतात. 1926 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी एक जिवंत रॅकून भेट आला होता. त्यांनी तो खाल्ला नाही, पाळला. तिचं नाव ठेवलं रिबेका.

पण याच अमेरिकेत रॅकूनची धनुष्यबाणाने शिकारही होते. ती का होते, कशी होते आणि तिने प्रश्न सुटतो का, ते पाहूया.

रॅकूनचा त्रास नेमका काय?

रॅकून मूळचा उत्तर अमेरिकेतला, निशाचर आणि सर्वभक्षी. मक्याचं कणीस दुधात आलं की तो ताटं आडवी करतो. कोंबड्यांच्या खुराड्याची साधी कडी त्याला सहज उघडता येते. जाळी मोठ्या भोकांची असेल तर तो बाहेरूनच हात घालून कोंबडी ओढतो. मादी पिल्लं घालण्यासाठी घराच्या माळ्यावर शिरते.

खरी भीती आजाराची आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात रॅकूनमध्ये रेबीज पसरलेला आहे. त्याच्या विष्ठेतल्या एका जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घराच्या मागच्या अंगणात रॅकून आला, तर त्याला खायला घालून रील काढणं हा शहाणपणा नाही.

बंदूक सोडून धनुष्य का?

पहिलं कारण म्हणजे आवाज. शहरालगतच्या वस्त्यांमध्ये गोळी झाडायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. बाण आवाज करत नाही आणि गोळीइतका लांब जात नाही. मात्र काही गावांच्या नियमांत धनुष्यालाही बंदी आहे.

दुसरं कारण म्हणजे छंद. अमेरिकेत धनुष्याने शिकार करण्याची परंपरा जुनी आहे. 1934 साली विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी धनुर्धाऱ्यांचा वेगळा हंगाम ठेवला. 1960 च्या दशकात मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी 'कंपाउंड बो' तयार केलं. त्याच्या टोकांना चाकं असतात. 50 पौंडांचं धनुष्य पूर्ण ताणलं की हातावर साधारण 10 ते 15 पौंडांचाच भार राहतो, त्यामुळे नेम धरून थांबता येतं. मोठ्या हरणांच्या हंगामाआधी हात बसावा म्हणून अनेक जण छोट्या प्राण्यांवर सराव करतात.

बाणाने मरण कसं येतं?

मुद्दा इथे गंभीर होतो. ससा किंवा खार यांच्यासाठी बोथट टोकाचा बाण वापरतात, तो धक्क्याने मारतो. रॅकूनचं कातडं जाड आणि जीव चिवट असतो, म्हणून त्याच्यासाठी धारदार पात्यांचं टोक लागतं. ते रक्तस्रावाने मारतं. बाण हृदय-फुफ्फुसांत लागला तर काही सेकंदांत खेळ संपतो. थोडा जरी चुकला तरी जखमी जनावर झाडाच्या ढोलीत किंवा घराखाली शिरून तडफडत मरतं. छोट्या प्राण्यात नेमाची जागा मुठीएवढीच असते. म्हणून जबाबदार शिकारी 15-20 मीटरच्या पलीकडून बाण सोडत नाहीत.

आणखी एक धोका आहे. झाडावरच्या रॅकूनवर वर सोडलेला बाण चुकला तर तो कुठे पडेल, हे सांगता येत नाही.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. बहुतेक ठिकाणी रॅकून 'फर देणारा प्राणी' या गटात येतो. त्यासाठी परवाना लागतो आणि हंगाम साधारण शरद ऋतू ते हिवाळ्यात असतो. नुकसान करणाऱ्या जनावरासाठी अनेक राज्यांत जमीनमालकाला वेगळी सूट मिळते. रात्री दिवा वापरता येतो का, धनुष्य चालतं का, हे राज्यागणिक बदलतं. पकडून दुसरीकडे सोडायलाही अनेक राज्यांत मनाई आहे, कारण त्यातून रेबीज नव्या भागात पोहोचतो.

धनुष्यबाणाच्या सामानावर 11 टक्के केंद्रीय कर आहे आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव कामांसाठी जातो.

मारल्याने प्रश्न सुटतो का?

फार क्वचित. डबा उघडाच राहिला तर एक रॅकून गेला की दुसरा येतो. वसंतात मादी मारली तर माळ्यावर तिची तीन-चार पिल्लं उपाशी राहतात आणि घरमालकाचा त्रास वाढतो.

त्यापेक्षा साधे उपाय जास्त टिकतात. झाकणाला पक्की कडी लावायची. पिल्लं बाहेर पडल्यावर माळ्याची भोकं बुजवायची. खुराड्याला बारीक भोकांची जाड जाळी बसवायची. मक्याभोवती जमिनीपासून साधारण 15 आणि 30 सेंटीमीटरवर विजेच्या कुंपणाच्या दोन तारा ओढायच्या.

आपल्याकडे असं करता येतं का?

नाही. भारतात रॅकून जंगलात नाही, पण कोकणातल्या घराच्या माळ्यावर उदमांजर असतं आणि परसात मुंगूस फिरतं. हे दोन्ही प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांच्यावर बाण सोडणं हा गुन्हा आहे, मग धनुष्य ऑनलाइन कितीही सहज मिळत असलं तरी. विदर्भात रानडुक्कर आणि नीलगाय उभं पीक झोपवतात, पण तिथेही वन विभागाच्या परवानगीशिवाय शेतकऱ्याला त्यांना मारता येत नाही. त्याने आधी वन विभागाकडे अर्ज करायचा असतो, नुकसानभरपाईसाठीही तीच वाट आहे.

म्हणजे अमेरिकेतली रील बघून इथे बाण ताणला, तर त्या रीलचा पुरावा म्हणून वापर होऊ शकतो, तोही तुमच्याच विरोधात.