नाव एक, प्राणी दोन: शास्त्रीय नामकरणातील एका पेचाचा इतिहास

१/
आंबा, चिंच आणि कडुनिंब या तिन्ही वृक्षांच्या शास्त्रीय नावांत 'इंडिका' हा शब्द समान आहे. तरीही अभ्यासकांची गफलत होत नाही. मात्र 'प्लॅटिपस' हे नाव दोन प्राण्यांना मिळाले, तेव्हा एकाला ते सोडावे लागले. असे का, हे सांगणारा हा थ्रेड.

२/
अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधील एक लांबलचक वर्णनच असे. नवी जाती सापडली की जुने वर्णन अपुरे पडे आणि नाव आणखी लांबे. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींसाठी आणि १७५८ मध्ये प्राण्यांसाठी दोन शब्दांची पद्धत सर्वत्र लागू केली: आधी प्रजाती, मग जाती.

३/
या रचनेचे मर्म उतरंडीत आहे. गावात गणेश नावाची दहा मुले असू शकतात. एकाच घरात दोन सख्ख्या भावांचे नाव गणेश ठेवत नाहीत. तसेच 'इंडिका' कितीही प्रजातींत चालते, कारण मँजिफेरा, टॅमरिंडस आणि अझाडिरॅक्टा ही घरे वेगळी आहेत. घराचे नाव मात्र साऱ्या गावात एकमेव हवे.

४/
लिनियस हयात असेतो बहुतेक नावांची नोंद एका माणसाच्या हाती होती. पुढे युरोपभर नावे देणारे वाढले. एका शहरात छापलेले पुस्तक दुसऱ्या शहरात पोहोचायला वेळ लागे. एकच ग्रीक शब्द दोघांना सुचणे अटळ होते.

५/
१७९९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज शॉ यांनी ऑस्ट्रेलियातील बदकचोच्या प्राण्याला 'प्लॅटिपस अनाटिनस' असे नाव दिले. प्लॅटिपस म्हणजे चपट्या पायांचा. पण १७९३ मध्येच हर्ब्स्ट यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या एका प्रजातीला हेच नाव दिले होते.

६/
१८०० मध्ये जर्मनीच्या ब्लूमेनबाख यांनी त्याच प्राण्याला स्वतंत्रपणे 'ऑर्निथोऱ्हिंकस पॅराडॉक्सस' म्हटले. अखेर निवाडा दोन्ही स्तरांवर वेगवेगळा झाला. प्रजातीचे नाव ब्लूमेनबाखचे, कारण शॉचे आधीच वापरात होते. जातीचे नाव शॉचे, कारण ते एक वर्ष जुने होते. म्हणून आज 'ऑर्निथोऱ्हिंकस अनाटिनस'.

७/
त्याचा काटेरी आप्त एकिडना याचेही तेच झाले. 'एकिडना' हे नाव समुद्रातील मोरे माशांच्या एका प्रजातीला आधीच मिळाले होते. १८११ मध्ये इलिगर यांनी त्या प्राण्यासाठी 'टॅकिग्लॉसस' ही प्रजाती रूढ केली. गंमत अशी, की शास्त्राने काढून घेतलेली दोन्ही नावे लोकांच्या तोंडी आजही टिकून आहेत.

८/
असे तंटे वाढल्यावर १८४२ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने नियमावली मांडली. सूत्रधार होते ह्यू स्ट्रिकलँड. सदस्यांत चार्ल्स डार्विनही होते. मूळ तत्त्व सोपे होते: आधी प्रसिद्ध झालेले नाव खरे, नंतर आलेल्या समान नावाने जागा सोडावी. व्यक्तीची प्रतिष्ठा नव्हे, तारीख निर्णायक ठरली.

९/
प्राण्याचे नाव वनस्पतीच्या प्रजातीशीही जुळू नये, अशी त्या समितीची अपेक्षा होती. ती टिकली नाही. दोन्ही शास्त्रांच्या नियमावल्या स्वतंत्र झाल्या. म्हणून 'मोरस' म्हणजे तुतीही आणि गॅनेट हा समुद्रपक्षीही. 'पिएरिस' म्हणजे फुलपाखरूही आणि झुडूपही. दोन्ही नावे वैध आहेत.

१०/
कागदी सूचीत याने फारसे बिघडत नव्हते. दोन्ही सृष्टींच्या नोंदी एका संगणकीय कोठारात आल्या, की केवळ 'मोरस' शोधणाऱ्यापुढे झाड आणि पक्षी एकत्र उभे राहतात. म्हणून नावासोबत सृष्टी, नाव देणारा आणि वर्ष यांचीही नोंद ठेवावी लागते.

११/
आणखी एक पेच घरे एकत्र झाल्यावर येतो. संशोधनाअंती दोन प्रजाती एकच ठरल्या आणि दोन्हींत समान नावाची जाती असली, तर एकाच घरात दोन गणेश होतात. तेव्हा धाकट्याला नवे नाव मिळते. नाव बदलले, तरी प्राणी तोच राहतो. म्हणून जुने नावही नोंदीत जपले जाते. ते पुसले, तर त्या नावाखाली लिहिलेली सारी निरीक्षणे पोरकी होतील.

१२/
सारांश, लिनियसच्या पद्धतीने प्रत्येक नाव जगात एकमेव असावे असा हट्ट धरला नाही. कोणत्या पायरीवर एकमेव असावे, एवढेच तिने ठरवले. अडीच शतकांहून अधिक काळ ती टिकली, याचे एक मोठे कारण हेच.