गुलमर्ग : उतार, थर आणि चाळीस दिवस

पाऊस किती झाला हे नायगावात हिंदमाताला साचलेल्या पाण्यावरून सांगतात. हिवाळा कसा गेला हे गुलमर्गमध्ये बर्फाच्या थरावरून सांगतात. आपल्याकडचे पाणी काही तासांत ओसरते. तिथला थर मात्र महिनोन्‌महिने टिकावा लागतो. गुलमर्गच्या स्कीइंगचा इतिहास पाहताना हा थर विसरून चालत नाही.

सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या या कुरणाला ‘गुलमर्ग’ हे नाव सोळाव्या शतकात युसुफ शाह चक याने दिले, असे मानतात. इंग्रज येथे उन्हाळा टाळायला येत. १९२७ मध्ये त्यांनी स्की क्लब स्थापन केला आणि नाताळ व ईस्टरला स्पर्धा भरवू लागले. नाताळात बर्फ असणारच, हे त्यात गृहीत होते. डिसेंबर १९४८ मध्ये, काश्मीरचे युद्ध सुरू असतानाच, जनरल थिमय्यांच्या १९ व्या डिव्हिजनने येथे स्कीचे सैनिकी प्रशिक्षण सुरू केले. आजचे हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल त्यातूनच उभे राहिले.

कुरणाचे सौम्य उतार नवशिक्यांचे. वर सूचिपर्णी वृक्षांचे रान आणि त्याहून वर अफरवतचे उघडे, झाडे नसलेले उतार. गोंडोला १९९८ मध्ये कोंगदूरीपर्यंत आणि २००५ मध्ये सुमारे ३,९५० मीटरपर्यंत पोहोचला, तेव्हा हे उतार जगभरच्या स्कीपटूंना खुले झाले. पण येथला कोरडा, भुसभुशीत बर्फ जितका हवाहवासा, तितकाच फसवा. जुन्या कठीण थरावर नवा बर्फ नीट बसला नाही, तर अख्खा उतार सुटतो. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गजवळच्या हिमस्खलनात प्रशिक्षण घेणारे १७ जवान मृत्युमुखी पडले.

हा बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राकडून येणारे हिवाळी वारे. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मिरी माणूस ‘चिल्लई कलान’ म्हणतो. त्या कडाक्यात पडलेला बर्फ गोठून राहतो आणि उन्हाळ्यात झरे, ओढे भरतो. जानेवारी २०२४ मध्ये मात्र गुलमर्गचे कुरण तपकिरी दिसत होते. २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि ९ ते १२ मार्चला झाल्या.

स्पर्धा वाचल्या, म्हणून वर्ष वाचले असे होत नाही. मार्चचा बर्फ ओला आणि जड. चढत्या उन्हात तो लवकर वितळतो. स्कीपटूला तो चार दिवस पुरतो. खालच्या गावांतल्या भातशेतीला जूनमध्ये पाणी हवे असते, आणि ते चिल्लई कलानमध्येच साठावे लागते. १९२७ च्या साहेबाने जे गृहीत धरले होते, त्याचीच वाट आज तिथला शेतकरी पाहतो आहे.