झोनइन्फो : एका मॉड्यूलची कुळकथा

पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीत ‘झोनइन्फो’ हे मॉड्यूल ऑक्टोबर २०२० मध्ये, ३.९ या आवृत्तीबरोबर आले. अमुक ठिकाणचे घड्याळ अमुक दिवशी ग्रिनिचच्या किती पुढे किंवा मागे होते, हे सांगणे एवढेच त्याचे काम. उत्तर ते स्वतः काढत नाही, तयार तक्त्यांतून वाचून देते. हे तक्ते लिनक्स आणि मॅकओएसवर बहुधा आधीपासून असतात, विंडोजवर नसतात. मॉड्यूलची सगळी घडण या फरकातून झाली आहे.

तक्त्यांचे मूळ १९८० च्या दशकात सापडते. अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी जगभरच्या वेळबदलांच्या नोंदी एकत्र करायला सुरुवात केली. पुढे पॉल एगर्ट यांनी ही जबाबदारी घेतली आणि खंड व शहर मिळून नाव देण्याची पद्धत रुळली. भारताची नोंद आधी ‘एशिया/कलकत्ता’ होती, आता ‘एशिया/कोलकाता’ आहे. जुने नावही चालते. २०११ मध्ये ज्योतिषाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने या नोंदींवर स्वामित्वहक्काचा दावा लावला. तो नंतर मागे घेतला गेला. मात्र त्याच सुमारास हा संग्रह इंटरनेटचे नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या ‘आयाना’कडे गेला.

युनिक्स कुळातल्या यंत्रणांनी हे तक्ते ‘झोनइन्फो’ नावाच्याच फोल्डरात ठेवले. विंडोजने स्वतःची वेगळी व्यवस्था केली. तिथे वेळेची माहिती रजिस्ट्रीत असते, नावे मायक्रोसॉफ्टची असतात आणि भारतासाठी ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ असा सरसकट साडेपाच तासांचा फरक असतो. या दोन नामावल्या जुळवून देणारा तक्ता युनिकोड संस्था प्रसिद्ध करते.

पायथॉनमध्ये ‘डेटटाइम’ मॉड्यूल २००३ साली, २.३ या आवृत्तीत आले. वेळक्षेत्रासाठी त्यात चौकट होती, पण प्रत्यक्ष क्षेत्र एकही नव्हते. ३.२ मध्ये ठरावीक फरकाची सोय झाली, तरी शहरांच्या नावांसाठी ‘पायटीझेड’ हे बाहेरचे पॅकेज घ्यावे लागे. ते चुकीच्या रीतीने जोडले की भारतीय वेळ साडेपाचऐवजी पाच तास त्रेपन्न मिनिटे पुढे दिसे. कारण तक्त्यातली पहिली, म्हणजे कोलकात्याच्या स्थानिक वेळेची ओळ उचलली जाई. पॉल गॅन्सल यांच्या प्रस्तावातून आलेल्या झोनइन्फोने ही अडचण दूर केली. ते आधी यंत्रणेतले तक्ते शोधते. तिथे मिळाले नाहीत तर ‘टीझेडडेटा’ हे पॅकेज पाहते, आणि तेही नसेल तर चूक दाखवून थांबते. म्हणूनच लिनक्सवर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम नव्या विंडोज संगणकावर पहिल्याच ओळीत अडू शकतो. जावाने हा प्रश्न तक्ते स्वतःबरोबर बाळगून सोडवला. गो भाषेने २०२० मध्ये ते प्रोग्रॅममध्येच भरण्याची सोय दिली.

भारताच्या तक्त्यात कोलकात्यानंतर १८७० पासून मद्रास वेळ येते : पाच तास, २१ मिनिटे, १० सेकंद. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ आहे. दुसऱ्या महायुद्धात घड्याळे एक तास पुढे केली होती, तेही त्यात आहे. मुंबई वेळ मात्र नाही. ग्रिनिचच्या चार तास ५१ मिनिटे पुढे असलेली ही वेळ मुंबई महापालिकेने १९५५ पर्यंत टिकवली. पण १९७० पासून ज्यांची घड्याळे सारखी चालली त्या ठिकाणांना एकच नोंद पुरे, असा या संग्रहाचा दंडक आहे. मुंबई, पुणे, नागपूर सारे त्यामुळे कोलकात्याच्या नोंदीत सामावले.

याचा परिणाम जुन्या घटनांवर होतो. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू सैद १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापडाच्या लॉरीखाली हुतात्मा झाले. त्या दिवसासाठी झोनइन्फो साडेपाच तासांचाच फरक सांगते. महापालिकेचे घड्याळ तेव्हा त्याहून ३९ मिनिटे मागे होते. एखाद्या कागदात नुसती वेळ लिहिली असेल, तर ती कोणत्या घड्याळाची हे मॉड्यूलला कळत नाही. विंडोजवर आणखी एक अडचण दीर्घकाळ राहिली. १९७० पूर्वीचा क्षण सेकंदांत मोजला की आकडा उणे होतो, आणि तशा आकड्यावरून स्थानिक तारीख मागितली की पायथॉन चूक दाखवत असे. लिनक्सवर तीच ओळ चाले.

सर्व यंत्रणांवर चालायच्या प्रोग्रॅममध्ये म्हणून टीझेडडेटा पॅकेज अवलंबित्वांच्या यादीत नोंदवतात. क्षण ग्रिनिच वेळेत साठवतात, स्थानिक वेळ दाखवताना काढतात. मुंबई वेळेतला जुना दस्तऐवज असेल, तर डेटटाइममधील ठरावीक फरकाची सोय वापरून चार तास ५१ मिनिटांचे क्षेत्र हाताने तयार करावे लागते, आणि मूळ नोंदीतली वेळ व ती कोणत्या घड्याळाची, हे दोन्ही शेजारी जपून ठेवावे लागते.